नाव पैठणचं, बाजार परगावचा

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी आल्याचं कळायला घड्याळ बघावं लागत नाही. गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू होतात, गच्चीवरच्या टाक्या भरून वाहू लागतात आणि निम्म्या घरांतले कार्यक्रम पुढे ढकलले जातात. काही दिवसांच्या खंडानं येणारं हे पाणी पन्नासेक किलोमीटरवरून, शंभर मीटरहून जास्त चढ चढून आलेलं असतं. ते पैठणचं असतं. शहराच्या दक्षिणेच्या वेशीला पैठण गेट म्हणतात. त्या दरवाजाभोवती कपड्यांची, चपलांची, मोबाइलची दुकानं एवढी दाटली आहेत की इथून निघणारी वाट कुठे जायची, याचा विचार कुणी करत नाही.

पैठण आज तालुक्याचं गाव आहे. २०११च्या जनगणनेत वस्ती साधारण चाळीस हजार. रेल्वे नाही. दक्षिणेला गोदावरी, नदीच्या वरच्या अंगाला मातीचं अवाढव्य धरण आणि धरणाखाली गाव. एकेकाळी रोमन व्यापाऱ्यांच्या वहीत ज्याचं नाव होतं, त्या गावात आज बाहेरचा माणूस मुक्कामाला राहत नाही. नाथांचं दर्शन घेतो, धरण पाहतो, जमलंच तर पैठणीचा भाव विचारतो आणि संध्याकाळच्या आत परत फिरतो. हा लेख त्या गावाच्या कमाईचा आहे. दोन हजार वर्षं इथून माल, माणसं, कसब आणि पाणी बाहेर जात राहिलं. त्यातलं गावाच्या गल्ल्यात किती पडलं, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

सुरुवात दगडांपासून करावी लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. तीत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून, मौल्यवान रंगीत दगड मोठ्या प्रमाणावर भडोचला येत. तेरहून कापड येई. अकीक आणि त्याच्या जातीचे दगड दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटात आणि नद्यांच्या गोट्यांत सापडतात. आजही पैठणच्या पांढरीच्या टेकाडांवर मणी मिळतात. पुढच्या शतकात टॉलेमीनं ‘बैठन’ असं लिहून ती पुळुमावीची राजधानी असल्याची नोंद केली. सातवाहनांची ही राजधानी. हाल राजाच्या नावावरची ‘गाथा सप्तशती’ आणि गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ याच गावाशी जोडलेल्या.

व्यापाऱ्यांची खूण मात्र गावापेक्षा डोंगरात चांगली टिकली. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतला एक पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरातला. डोंगरदरीतल्या भिक्षूंसाठी खांबाचा खर्च उचलण्याइतकी त्याची ऐपत होती. पैठणच्या पैशाचा हा सगळ्यांत जुना नोंदवलेला खर्च म्हणायला हरकत नाही आणि तोही गावाबाहेर झालेला!

खुद्द पैठणच्या पोटात काय आहे हे पुरतं कळलेलं नाही, कारण वर नांदतं गाव आहे. घरांवर घरं उभी आहेत. निजामाच्या राज्यात १९३७मध्ये खोदकाम झालं, १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा झालं आणि त्यात गुप्त-वाकाटक काळाच्या आसपासच्या विटांच्या मंदिरांचे अवशेष निघाले. राजधानीचं वैभव ओसरल्यावर गावाचा धंदा बदलत गेला, हे त्यातून दिसतं. व्यापारी पेठेचं हळूहळू तीर्थक्षेत्र झालं.

तीर्थक्षेत्राचाही एक माल असतो. पैठणचा माल होता निर्णय. धर्मात काय बसतं आणि काय बसत नाही, हे सांगणारी ब्रह्मसभा इथे बसे आणि लांबलांबचे लोक तिच्यासाठी येत. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांना इथल्या सभेला तोंड द्यावं लागलं. विठ्ठलपंतांची पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी आळंदीहून याच गावी चालत आली. नागघाटावर रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा तिथलीच आणि घाटावर रेड्याची मूर्तीही आहे. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: आळंदीच्या चार पोरांचं आयुष्य पैठणच्या कागदावर अडलं होतं. दक्षिण काशी हे बिरुद असं कमावलेलं आहे.

पुढे हा मालसुद्धा परगावी गेला. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीला जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट काशीच्या विश्वेश्वर मंदिराच्या पुनर्बांधणीशी जोडले गेले आणि त्याच घराण्यातले गागाभट्ट ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवराज्याभिषेकाला उभे होते. दोनशे वर्षं काशीच्या पंडितांत ज्या घराण्याचा दबदबा राहिला, त्याचं मूळ गोदाकाठचं. पैठणला त्याचं काय मिळालं, तर अभिमान.

एकनाथ मात्र राहिले. जन्म १५३३च्या सुमाराचा, फाल्गुन वद्य षष्ठीला १५९९ साली गोदावरीत देह ठेवला. नाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, भारुडं लिहिली. त्या भारुडांत पैठणची गल्ली जशीच्या तशी दिसते: जोशी, गारुडी, महार, कोल्हाटीण, बाजारात उभे राहणारे सगळे. ज्या गावात ब्रह्मसभा निर्णय देत होती, त्याच गावात तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं मूल उचलून घेणारा ब्राह्मण गृहस्थ राहत होता. आजच्या पैठणची वर्षभराची चूल मुख्यतः या एका माणसाच्या नावावर पेटते, म्हणून हे सांगितलं.

नाथषष्ठीला, मार्चच्या आसपास, राज्यभरातून शेकडो दिंड्या येतात. नदीच्या पात्रात आणि काठावर राहुट्या पडतात, षष्ठीपासून अष्टमीच्या काल्यापर्यंत गाव माणसांनी फुगतं. नाथांच्या वाड्यातला रांजण भरला जातो. श्रीखंड्याच्या रूपानं देवानं ज्या रांजणात कावडीनं पाणी भरलं, तो हा रांजण अशी श्रद्धा आहे. नदीचं मात्र तसं नाही. वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं लागतं. त्यासाठी मागणी करावी लागते, खात्याकडून मंजुरी यावी लागते, मग गोदामाई वाहते.

यात्रेच्या अर्थकारणाबद्दल एक गैरसमज आहे. लाखो माणसं आली म्हणजे गाव मालामाल झालं, असं वर्तमानपत्रं दरवर्षी लिहितात. वारकरी हे मोठ्या खर्चाचं गिऱ्हाईक कधीच नव्हतं. दिंडीबरोबर शिधा असतो, स्वयंपाकी असतो, तंबू असतो. तो घेतो तुळशीची माळ, बुक्का, बत्तासे, लेकरासाठी एखादं खेळणं, बायकोसाठी बांगड्या. दुकानं लावणारे निम्मे फिरते व्यापारी असतात; इथली यात्रा उठली की पुढच्या यात्रेला. गावातल्या माणसाला तीन दिवस जागेचं भाडं, पाण्याच्या बाटल्या आणि चहा यांचे पैसे मिळतात आणि नंतर चिखल, पत्रावळी, प्लास्टिक आवरावं लागतं. बारमाही कमाई वेगळीच आहे आणि तिच्याविषयी कुणी कौतुकानं बोलत नाही: दहाव्याची, पिंडदानाची, अस्थिविसर्जनाची. रोज सकाळी जीपा भरून माणसं घाटावर येतात. तीर्थोपाध्याय, नाभिक, हार-फुलंवाले, पिठाचे पिंड आणि दर्भ विकणाऱ्या बायका, होडीवाले, जेवणावळीची हॉटेलं यांचं पोट त्यावर चालतं. ज्या गावाची अर्थव्यवस्था परक्यांच्या मरणावर टेकली आहे, त्याला मंदी नसते. पण वाढही नसते.

आता पैठणीकडे. नाव या गावाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून येते, दुकानं पुण्या-मुंबईत आणि पैठण्या विणणारे सगळ्यांत जास्त माग नाशिक जिल्ह्यात, येवल्याला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येवला वसवणाऱ्या रघोजी नाईकांनी विणकरांना बोलावून जागा दिली, असं तिथली परंपरा सांगते. कारागीर राजाश्रय आणि बाजार यांच्या मागे जातो, त्यात त्याचा दोष नाही. पण परिणाम असा झाला की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुद्द पैठणमध्ये माग शोधावे लागत होते. पुढे महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळानं इथे पैठणी केंद्र चालवलं, गावातल्या मुलींना शिकवलं, तेव्हा हातमागाची खटखट पुन्हा ऐकू येऊ लागली.

मागावर बसलेली बाई पाहणं हा अनुभव आहे आणि तो दहा मिनिटांत संपवू नये. पदरावरचा बांगडी मोर ठशानं उठत नाही की यंत्राच्या पट्टीवरून उतरत नाही. रंगागणिक वेगळी तिल्ली, बोटभर लांबीची. ती उभ्या धाग्यांतून हातानं ओवायची, जिथे रंग संपतो तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरायचं. एका ओळीत पंधरा-वीस तिल्ल्या लोंबत असतात. दिवसभरात पदराची बोट-दोन बोटं वाढतात. साध्या बुट्टीची साडी काही आठवड्यांत उतरते, भरलेला पदर आणि चौफेर बुट्टे असतील तर वर्षही लागतं. म्हणूनच खऱ्या पैठणीची मोर, आसावली, मुनिया, कमळ ही नक्षी उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीची पाठ उलटून पाहा, सुटे धागे लोंबताना दिसतील.

२०१०च्या सुमारास पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नावाला संरक्षण दिलं, पण बाजारात ‘सेमी पैठणी’ या नावाखाली काय काय खपतं हे प्रत्येक लग्नघराला माहीत आहे. नाव चालतं म्हणून नकलेलाही गिऱ्हाईक आहे. पैठणच्या बाईनं सहा महिने बसून विणलेली साडी आणि सहा तासांत यंत्रानं काढलेली साडी एकाच काचेच्या कपाटात टांगली जाते. या स्पर्धेत हात हरणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

नावांची ही गंमत धरणापाशी उलटी होते. पैठणच्या डोक्यावरच्या धरणाचं नाव जायकवाडी. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. हैदराबाद राज्याच्या काळात तिथे धरण बांधायची कल्पना होती. महाराष्ट्र झाल्यावर जागा शंभरेक किलोमीटर वर, पैठणला सरकली आणि कागदावरचं नाव तेवढं तसंच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, एकूण साठा १०२ टीएमसीहून अधिक, त्यातला उपयुक्त सुमारे ७६. मागे पसरलेल्या जलाशयाला नाथसागर म्हणायची मात्र सोय झाली.

या पाण्यासाठी पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे तालुक्यांतली गावंच्या गावं उठली. गोदाकाठची काळी, कसदार जमीन गेली. दुष्काळाच्या साली पाणी मागे हटतं तेव्हा जुन्या घरांची जोती, मंदिरं वर येतात आणि धरणग्रस्त गाळपेरासाठी त्याच जमिनीवर परत नांगर घालतात. आपलीच जमीन, वर्षापुरती, खात्याच्या परवानगीनं.

मिळालं कुणाला? डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. जालना, परभणी, बीड जिल्ह्यांपर्यंत पाणी गेलं. कापूस-ज्वारीच्या मुलखात ऊस आला, साखर कारखाने आले. एकूण नियोजन आठमाही पिकांचं होतं आणि प्रत्यक्षात बागायत उसाची झाली, हे सगळ्या महाराष्ट्राचं दुखणं इथेही आहे. जालना, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांना पाणी मिळालं. आणि संभाजीनगरला मिळालं. त्याआधी शहर मलिक अंबरच्या नहरींवर आणि हर्सूल तलावावर जगत होतं. पैठणहून आधी ७०० मिलिमीटरची वाहिनी आली, मग १४०० मिलिमीटरची, आणि २०२०च्या डिसेंबरात भूमिपूजन झालेल्या नव्या योजनेची वाहिनी तर अडीच मीटर व्यासाची, उभा माणूस आत चालेल एवढी.

धरणाच्या वरच्या अंगाला वेगळीच लढाई आहे. नाशिक-नगरची धरणं आधी भरतात, नाथसागर नंतर. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं २०१४मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल तर वरून पाणी सोडावं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६मध्ये तत्त्व मान्य केलं. तरी कमी पावसाच्या प्रत्येक वर्षी आंदोलनं, याचिका, बंदोबस्त हे ठरलेलं. २०२३मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा तेच झालं. या भांडणात मराठवाडा विरुद्ध नाशिक-नगर असे दोनच पक्ष असतात. ज्या गावाच्या उशाला हे पाणी आहे त्याचं नाव कुणी घेत नाही. ते घेतलं जातं पुराच्या वेळी. २००६च्या ऑगस्टमध्ये धरणातून अडीच लाख क्युसेकच्या घरात विसर्ग झाला आणि नदीकाठचं पैठण पाण्यात गेलं.

नाथसागरावर कहार-भोई मासे धरतात. रोहू, कटला, मरळ, झिंगे. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून वाऱ्यात जाळं टाकणारी ही माणसं मूळची गोदावरीच्या डोहांतली, धरणानं त्यांना समुद्र दिला. आता त्या पाण्यावर तरंगता सौरप्रकल्प यायचा आहे. जलाशय १९८६पासून पक्षी अभयारण्य असल्यानं मच्छीमारांच्या बाजूनं हरित लवादात दाद मागितली गेली. ती फेटाळली गेली, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अपील नाकारलं. सौरऊर्जा हवीच. पण ज्याचं जाळं त्या पाण्यात आहे त्याला प्रकल्पात धरायचं की नाही, हे न्यायालयाबाहेर ठरायला हवं होतं.

धरणाशेजारचं असंच एक गाव वेल्समध्ये, वाय नदीकाठी आहे: दोनेक हजार वस्तीचं रायाडर. त्याच्या शेजारच्या एलान खोऱ्यात बर्मिंगहॅम महापालिकेनं धरणं बांधली. १८९२मध्ये कायदा करून जमीन घेतली, शंभरेक माणसं उठवली, १९०४मध्ये राजा सातव्या एडवर्डनं पाणी सोडलं. ११८ किलोमीटरवरच्या बर्मिंगहॅमला ते पाणी पंपाशिवाय, उतारानं जातं. तिथेही धरणग्रस्तांची दाद लागली नव्हती, खंडकऱ्यांना बहुतेक काही मिळालं नाही. फरक नंतरच्या शंभर वर्षांत पडला. धरणांभोवतीची झाडी राखली गेली, पायवाटा, माहिती केंद्र, मुक्कामाची घरं झाली आणि मेंढ्यांच्या बाजारावर जगणारं रायाडर धरण पाहायला येणाऱ्यांवरही जगू लागलं.

आपणही हे करून पाहिलं होतं. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर तीनशे एकरांच्या आसपासचं संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. मराठवाड्यातल्या एका पिढीच्या शाळेच्या सहलीचा फोटो इथल्या कारंज्यापुढचा आहे. पुढे कारंजी बंद पडली, झाडं वाळली, उद्यान कुणाच्या ताब्यात द्यायचं यावर वर्षं गेली, नूतनीकरणाच्या घोषणा होत राहिल्या. सातवाहनकालीन नाणी, मणी, मृण्मय मूर्ती जमवून ठेवणाऱ्या बाळासाहेब पाटलांच्या नावाचं सरकारी संग्रहालयही पैठणलाच आहे. येणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना ते ठाऊक असतं, हे घाटावर उभं राहून कुणीही विचारून पाहावं.

विसाव्या शतकानं पैठणला दोन वेळा वळसा घातला. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९००च्या सुमारास झाली ती औरंगाबाद-जालन्यावरून. पैठण आडबाजूला पडलं. मग कारखाने तालुक्यात आले, पण शहराच्या बाजूला. चितेगावला व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच तयार होऊ लागले तेव्हा पैठण रस्ता उजळला. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. आता बिडकीनला दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ऑरिक वसाहत आहे, सप्टेंबर २०२४मध्ये पंतप्रधानांनी ती देशाला अर्पण केली, टोयोटा-किर्लोस्करनं २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला आहे. बिडकीन पैठण तालुक्यातच येतं. पैठणची मुलं तिथे बसनं जातील, पगार आणतील, आणि थोडी वरकड झाली की संभाजीनगरात फ्लॅट घेतील. हे आताही चाललेलं आहे.

माझं मत असं की पैठणला अनुदान नको, हिस्सा हवा. पाणीपट्टीतला, उद्योगांच्या पाणीदरातला काही ठरावीक वाटा, दरवर्षी, घोषणेशिवाय, नगरपरिषदेच्या खात्यात. त्यातून घाट धुतले जावेत, संग्रहालय चालावं, उद्यानाला पाणी मिळावं, विणकर बायकांना रेशमासाठी उधार पैसा मिळावा. धरणाच्या पाण्याची किंमत लाभक्षेत्रातून वसूल होते, तशी ती उगमाच्या गावाला देय धरायला कायद्यात बदल लागला तर तो मराठवाड्यातल्या आमदारांनी मागावा.

आणि ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांच्यासाठी: पैठणी घ्यायचीच असेल तर एक दिवस काढून पैठणला जा. मागापाशी बसा, पदर उलटून पाहा. दोन्ही बाजूंचा मोर सारखा दिसला, तर विणणारीशी भावात घासाघीस करू नका.